तीन सूत

दुकानाला पाटी आहे, पण पत्ता सांगताना
कुणी ती वाचत नाही.
"दत्तनगरात आलात की बाहेर पाईप उभे दिसतील,
तिथनं वळा."
आम्ही म्हणजे या गल्लीचं एक वळण.

सात फूट बाय अकरा. आत एकच माणूस मावतो.
मी आत असले की सासरे बाहेर स्टुलावर,
एप्रिलातसुद्धा,
डोक्यावर ओला टॉवेल, आणि त्याच्या वाफा.

भिंतभर पत्र्याचे डबे,
बिस्किटांचे, डालड्याचे, एक रंगाचा.
कशावर नाव नाही.
आत जे आहे त्यातलं एक
तारेनं बाहेर बांधलेलं:
बिजागरीच्या डब्यावर बिजागरी,
चुकांच्या डब्यावर एक चूक.
लग्न होऊन आले त्या आठवड्यात
कुणीतरी म्हणालं, "पावशेर चुका द्या,"
आणि मी पदर तोंडाला लावून हसत बसले.
आता तोलून देते.

"एम कावाले?" "एन बेकु?" "काय पाहिजे?"
माणूस बघून भाषा निघते.
तरी नवा माणूस माझ्या मागं बघतो.
"मालक नाहीत का?"
आहेत की.
"नाही म्हणजे, तुम्हाला कळायचं नाही."
त्याच्या हातातला तुटका बोल्ट मी घेते,
अंगठ्यावर एकदा फिरवते.
तीन सूत. दीड इंच. बारीक आटा.
घरी जाऊन तो लावून बघतो,
पुढच्या वेळी वहिनी म्हणतो.

हे अंगठ्याचं सासऱ्यांकडून आलं.
एकवीस वर्षं गिरणीत, साच्यावर.
भोंगा थांबला, हिशेबाचे पैसे आले,
त्यातनं हे डबे.
इंचाचे आठ भाग केले की एकाला सूत म्हणतात,
हे कळलं तेव्हा म्हणे ते
होलसेलवाल्याच्या दुकानात मोठ्यानं हसले होते.
"सुटलं कुठं बे? इथं पण सूतच."

पाण्याच्या रात्री शटर अर्धं उघडं ठेवतो.
पाचव्या दिवशी नळ येतो, दोन वाजता, तीन वाजता,
आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी वायसर जातो.
बनियनवर माणसं, हात कोपरापर्यंत ओले,
तीन रुपयांच्या वायसरला पाचशेची नोट.
"उद्या देतो."
वहीत लिहायचं ते झोपेत लिहिते,
अक्षर सकाळी मलाच लागत नाही.

मंगळवारी अंबय्या दोंतुल आले.
चार माग होते त्यांच्याकडे, टॉवेलचे. मग दोन.
"एक नट पाहिजे. जुन्या आट्याचा."
सासरे स्टुलावरनं म्हणाले, "चालू केलास काय परत?"
"विकायलोय. संध्याकाळी बघायला येणार हाय."
"कोण?"
"भंगारवाला."
मी म्हटलं, मामा, तो तर किलोवर नेणार.
"किलोवरच," म्हणाले. "पण चालता देतो.
बंद पडलेला नको जायला."

सासरे उठले.
मी बाहेर आले, ते आत गेले.
डबे उतरले, उलटे झाले, फरशीवर लोखंडाचा ढीग,
नवे नट सगळे, चकचकीत, कामाचे नाहीत.
त्या आट्याचा डबा तळाला होता
आणि रिकामा होता.
मग पकडीनं त्यांनी डब्यावरची तार कापली.

पैसे घेतले नाहीत. वहीत लिहिलंही नाही.

सहाच्या सुमारास आवाज आला.
खटाक खटाक, मध्ये एकदा अडखळून, पुन्हा.
एक गिऱ्हाईक एल्बोचा भाव विचारत होतं,
सासऱ्यांनी त्याला हात वर करून थांबवलं.
तोही थांबला बिचारा, कशासाठी ते न कळता.
दहा मिनिटं असतील.

रात्री हातगाडी आमच्याच वळणावर अडकली.
आम्ही पाईप आत घेतले.
लाकूड वेगळं बांधलं होतं, लोखंड वेगळं.
सासरे जवळ जाऊन काहीतरी शोधत होते, वाकून,
मग "जाऊ दे," म्हणाले, गाडीला की स्वतःला,
आणि मागनं ढकलू लागले.

तो डबा अजून फळीवर आहे, तार लोंबते.
परवा एकानं विचारलं, ह्याच्यात काय असतं?
मी म्हटलं, थांबा, बघून सांगते,
आणि खरंच उघडून बघितला.